काळाराम, गोराराम आणि बदललेली ओळ

दिवाळीच्या पाडव्याला जेवणं उरकून सगळे आडवे व्हायच्या बेतात होते, आणि आमच्या पंचवटीतल्या घरात पुतण्या आणि भाची यांची जुंपली. विषय राजकारण नव्हता, शेतीची वाटणी नव्हती. विषय होता हिमगौरी. डिस्नेने मार्च २०२५ मध्ये आणलेल्या नव्या 'स्नो व्हाइट'ची नायिका हिमासारखी गोरी नाही, सात बुटके माणसं नसून संगणकाने केलेली चित्रं आहेत, राजपुत्राच्या जागी एक लुटारू आहे. पुतण्याचं म्हणणं, यांनी आमचं बालपण नासवलं. भाचीचं म्हणणं, तुम्हाला सावळी मुलगी नायिका झालेली बघवत नाही, एवढंच. मी विचारलं, पाहिलाय का कुणी? दोघांनीही पाहिला नव्हता. एवढ्यात पुतण्या उठला, आतल्या कपाटातून 'अलादीन'ची जुनी सीडी घेऊन आला आणि माझ्यापुढे धरली. "हे बघ काका, हे ओरिजिनल. याला कुणी हात लावू शकत नाही." ती सीडी मीच त्याला मेन रोडवरून आणून दिली होती, तो दुसरीत असताना. नेमकी निम्म्यात अडकायची. मग हा बाहीने पुसून पुन्हा लावायचा. त्या सीडीचं पुढे सांगतो, कारण खरी गोम तिच्यातच आहे.

हाच वाद हल्ली सगळीकडे चालू आहे आणि सगळीकडे सारख्याच वाईट पद्धतीने चालू आहे. एका बाजूला 'मूळ ते मूळ', दुसऱ्या बाजूला 'विरोध करतो तो वर्णद्वेषी'. माझं मत दोघांनाही आवडायचं नाही. जुनी गोष्ट नव्याने सांगण्यात काहीही गैर नाही. कितीही वेळा सांगा, कशीही सांगा, फसलात तर लोक हसतील आणि विसरतील. गैर आहे ते जुनी गोष्ट गुपचूप खोडून तीच जुनी म्हणून पुढे करणं. पहिल्या गोष्टीवर आपण घसा कोरडा करतो आणि दुसरी नाकाखालून निघून जाते.

'मूळ' म्हणजे काय ते आधी बघू. ज्या हिमगौरीसाठी पुतण्या भांडत होता ती डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातली. ग्रिम बंधूंनी छापली ती १८१२ ची. त्या पहिल्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठलेली राणी सावत्र आई नाही, सख्खी आई आहे. पुढच्या आवृत्तीत ग्रिमनीच तिला सावत्र केली. सख्ख्या आईने असं वागणं वाचकांना झेपायचं नाही, असं त्यांना वाटलं असणार. म्हणजे संवेदनशील वाचकांसाठी गोष्ट बदलायची ही 'आजकालची थेरं' दोनशे वर्षांची जुनी आहेत. ग्रिमच्या गोष्टीत चुंबनाने जाग येत नाही. काचेची पेटी वाहून नेणारे नोकर ठेचकाळतात, हिसक्याने घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि बाई उठून बसतात. बुटक्यांना नावंही नाहीत. आणि शेवटी त्या राणीला लग्नात तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचवतात. हे सगळं १९३७ मध्ये बदललं किंवा गाळलं, तेव्हा कुणाचं बालपण नासलं?

मोगलीचंही तेच. माझ्या पिढीचा मोगली म्हणजे रविवारी सकाळी दूरदर्शनवर येणारा, गुलजारांच्या चड्डी-फुलाच्या गाण्यातला, नाना पाटेकरांच्या आवाजात गुरकावणाऱ्या शेरखानाचा. २०१६ मध्ये नवा चित्रपट आला तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना हे गाणं नसेल तर तो मोगलीच नाही, असं वाटत होतं; शेवटी हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी ते गाणं पुन्हा करून घेण्यात आलं. अहो, पण ती आपली मालिका जपानी होती! किपलिंग या इंग्रज लेखकाने १८९४ मध्ये छापलेलं पुस्तक, त्याची १९८९ ची जपानी कार्टून मालिका, तिचं हिंदी डबिंग, आणि ते बघणार आम्ही नाशिकची मराठी पोरं. किपलिंगचा 'का' नावाचा अजगर मोगलीचा मित्र आहे, त्याला माकडांच्या तावडीतून सोडवणारा. डिस्नेने १९६७ मध्ये त्याला खलनायक केलं. आपण ज्याला मूळ म्हणतो ते बहुतेक वेळा मूळ नसतं, आपल्या वयाच्या आठव्या वर्षी जे पहिल्यांदा समोर आलं ते असतं.

यावर एक उत्तर येतं आणि ते दमदार आहे. बदल झाले, मान्य. पण ते गोष्ट सांगणाऱ्यांनी केले. आता बदलते ती कंपनी. माझी आजी चिऊ-काऊची गोष्ट सांगायची तेव्हा शेवटी कावळा तापलेल्या तव्यावर बसायचा आणि त्याचं ढुंगण भाजायचं. आम्ही लोळून हसायचो. घरी पाहुणे असले की आजी ढुंगणाच्या जागी पाय भाजायची, आणि आम्ही ओरडून तिला दुरुस्त करायचो. माझ्या बहिणीने तिच्या मुलीला हीच गोष्ट सांगताना चिमणीला पहिल्याच हाकेला दार उघडायला लावलं. म्हणाली, "भिजत उभा आहे बिचारा, आणि ही बाळाला पावडर लावत बसणार? हे शिकवायचं का पोरीला?" आई शेजारी मटार सोलत होती. ती म्हणाली, "मग गोष्टीत उरलं काय? थांब थांब म्हणण्यातच तर मजा आहे." दोघींचंही पटण्यासारखं होतं. पण एक लक्षात घ्या, बहिणीने बदल केला म्हणून आजीची गोष्ट मेली नाही. शेजारच्या घरात कावळा तव्यावर बसतच होता. कंपनीची गोष्ट अशी शेजाऱ्यापाजाऱ्यात नांदत नाही. ती जगभर एकाच दिवशी लागते, तिच्या बाहुल्या, दप्तरं, डबे निघतात, आणि बाकीच्या आवृत्त्या तिच्या सावलीत वाळून जातात.

हे खरं आहे. पूर्ण खरं आहे. पण मग हा राग फक्त नव्या आवृत्तीवर का? हान्स अँडरसनची जलपरी १८३७ ची. तिला राजपुत्र मिळत नाही. त्याला मारून स्वतःचा जीव वाचवायची संधी ती सोडते आणि समुद्राचा फेस होऊन जाते. १९८९ मध्ये डिस्नेने तिचं थाटात लग्न लावून दिलं आणि आज शंभरातल्या किती जणांना तो फेस माहीत आहे? सावलीत वाळून जाणं तेव्हाच होऊन गेलं. एकाच कंपनीच्या हातात गोष्ट असणं हा दोष असेल, तर तो १९३७ पासूनचा दोष आहे, आणि त्यावरचा उपाय 'बदलू नका' हा नाही. उपाय आहे आणखी पुष्कळ लोकांनी सांगणं. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली, त्यातलं एक तर ओठ एकमेकांना न टेकवता म्हणता येईल असं. कुणाची परवानगी काढली होती त्यांनी? जलपरीचा १९८९ चा चित्रपट मात्र अमेरिकी कायद्याने २०८५ उजाडेपर्यंत मोकळा होणार नाही. भांडायचंच असेल तर या आकड्याशी भांडा की.

आता रंगाकडे. २०२३ च्या 'लिटल मर्मेड'मध्ये, म्हणजे डिस्नेच्या जलपरीच्या नव्या चित्रपटात, एरियल या जलपरीच्या कामासाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेला घेतलं, तेव्हा, म्हणजे २०१९ मध्ये नुसती घोषणा झाली तेव्हापासूनच, 'ही माझी एरियल नाही' म्हणून जो गदारोळ झाला तो आठवतो. विरोधकांच्या हातात पुरावा नव्हता असं नाही. अँडरसनने लिहून ठेवलंय: धाकट्या जलपरीची कांती गुलाबाच्या पाकळीसारखी, डोळे खोल समुद्रासारखे निळे. मूळ मजकूर त्यांच्या बाजूचा आहे, हे कबूल करायला हवं, आणि भाचीच्या बाजूचे लोक ते करत नाहीत. पण ज्याने त्या मजकुरातलं मरण सोडून दिलं, त्याला त्याच मजकुरातल्या कातडीचा एवढा आग्रह का? गोष्टीचा आत्माच ज्या शेवटात आहे तो बदलला तेव्हा चाललं. वर्णनातली अर्धी ओळ बदलली तेव्हा धर्म बुडाला.

मी राहतो तिथे हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. पंचवटीत काळाराम आहे, काळ्या पाषाणातला. पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधलेलं मंदिर. तिथून चालत रामकुंडाकडे उतरलं की गोराराम आहे, संगमरवरी. आमची आजी सकाळी दोन्हीकडे जायची, आधी काळा, मग गोरा, कारण परतीची भाजी त्या बाजूला मिळायची. खरा राम कोणत्या रंगाचा, असं तिला विचारलं असतं तर तिने कपाळाला हात लावून पाहिला असता, ताप तर नाही ना म्हणून. आणि याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दारं आतून लावून घेण्यात आली. रामाच्या काळेपणावर आतल्यांचा आक्षेप नव्हता. बाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या आत येण्यावर होता. एका सिनेमाची आणि त्या लढ्याची बरोबरी मी करत नाही, ती करणं वाह्यातपणाचं होईल. पण 'मूळ बिघडतं' हे कारण माणसं केव्हा पुढे करतात, ते तपासायची सवय नाशिककराला असायला हरकत नाही.

याच्या उलट प्रश्न विचारतात: मग मुलानच्या जागी युरोपातली मुलगी चालेल का? नाही चालणार. मुलानची गोष्ट चीनच्या सैन्याची, चीनच्या घरातली, बापाऐवजी लढायला गेलेल्या मुलीची आहे. ती तिथून उचलली तर तिच्यात काही राहत नाही. समुद्राच्या तळाला कोणता देश आहे? जिथे रंग, जात, प्रदेश हा गोष्टीचा कणा आहे तिथे तो बदलता येत नाही, जिथे तो अंगरखा आहे तिथे येतो. फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच माणसाने राम आणि सीता दोघांचंही काम केलं होतं. अर्थात तिथे हौस नव्हती, नाइलाज होता, बायका काम करायला तयार नव्हत्या. पण प्रेक्षकांनी ते मनापासून मानून घेतलं, आणि ते आपलेच पणजोबा होते.

माझ्या स्वतःच्या बाजूला जे सर्वांत जड जातं ते आता सांगतो. बरेचसे नवे बदल गोष्टीच्या पोटातून आलेले नसतात, ते हिशेबाच्या खोलीतून आलेले असतात. स्नो व्हाइटचंच घ्या. २०२२ मध्ये पीटर डिंक्लेज या बुटक्या नटाने विचारलं की नायिका लॅटिन वंशाची निवडली म्हणून पाठ थोपटून घेता आणि गुहेत राहणाऱ्या सात बुटक्यांची तीच जुनी गोष्ट सांगता, हे कसं? प्रश्न चोख होता. कंपनीने त्यावर काय केलं? गोष्टीचा नव्याने विचार केला नाही. बुटके संगणकावर बनवले. तेव्हा इतर काही बुटके कलावंत म्हणाले की सन्मान राहिला बाजूला, आमच्या हातचं काम मात्र गेलं. ज्यांना जुनं हवं होतं ते चिडले, ज्यांना नवं हवं होतं तेही चिडले. भीतीपोटी केलेला बदल असाच दिसतो, शिवण उलटी घातलेल्या सदऱ्यासारखा. पुतण्याला इथे जे खटकतं ते खरंच खटकण्यासारखं आहे, फक्त त्याने त्याला चुकीचं नाव दिलंय.

पण मग न बदललेलं चांगलं असतं का? २०१९ चा 'लायन किंग' बघा. १९९४ च्या चित्रपटातले प्रसंगच्या प्रसंग जसेच्या तसे उचलले, फक्त हाताने काढलेल्या चित्रांच्या जागी हुबेहूब खरे वाटणारे प्राणी आणले. बाप मेल्यावर छाव्याच्या चेहऱ्यावर जे दिसायला हवं ते दिसतच नाही, कारण खऱ्या सिंहाचा चेहरा रडत नसतो. शब्द तेच, गाणी तीच, आणि जीव गेलेला. दीड अब्ज डॉलरहून जास्त धंदा केला त्याने, आणि 'मूळ ते मूळ'वाल्यांकडून हूं नाही की चूं नाही. उलट आपल्याकडचं 'कट्यार काळजात घुसली' घ्या. १९६७ च्या नाटकाचा २०१५ मध्ये सिनेमा झाला तेव्हा जुन्या रसिकांनी नाकं मुरडली, नाटकात गाणाऱ्या वसंतराव देशपांड्यांच्या जागी कुणी उभं राहूच शकत नाही म्हणून. खरंच नाही राहू शकत. पण हाच माझा पुतण्या, ज्याला नाट्यसंगीत म्हणजे आजोबांचा रेडिओ एवढंच माहीत होतं, तो सिनेमा बघून आला आणि आठवडाभर वसंतरावांच्या ताना लावून बसला होता. नव्याने जुन्याचा रस्ता दाखवला, कारण जुनं शाबूत होतं, जाऊन ऐकता येत होतं.

इथे त्या सीडीकडे येतो. १९९२ मध्ये 'अलादीन' चित्रपटगृहांत लागला तेव्हा सुरुवातीच्या गाण्यात एक ओळ होती: जिथे तुमचं तोंड आवडलं नाही तर कान कापतात, असा हा देश. अमेरिकेतल्या अरब संघटनांनी हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. १९९३ मध्ये घरी बघायची व्हिडिओ कॅसेट निघाली तेव्हा ती ओळ काढून सपाट, अफाट प्रदेश आणि प्रखर ऊन अशा अर्थाची ओळ घातलेली होती. म्हणजे पुतण्याने माझ्या नाकासमोर धरलेलं 'ओरिजिनल' कान कापून आलेलं ओरिजिनल होतं. दुसरीतल्या पोराने आणि त्याच्या काकाने जी ओळ पाठ केली ती मूळ नव्हतीच, आणि डब्यावर कुठेही तसं छापलेलं नाही. भिंग घेऊन बघितलं. गंमत बघा, त्याच गाण्यात तो देश 'रानटी' आहे असंही म्हटलंय, ते तसंच राहिलं. २०१९ मध्ये नवा चित्रपट केला तेव्हा त्या शब्दाच्या जागी 'गोंधळाचा' अशा अर्थाचा शब्द आला. दोन्ही बदलांचा हेतू एकच. पण २०१९ चा बदल उघड आहे: नवा चित्रपट, नवं साल, पटलं तर बघा. १९९३ चा बदल जुन्याचं नाव लावून आला. यातल्या कुठल्या बदलावर गदारोळ व्हायला हवा होता? (मूळ, मूळ म्हणून भांडणाऱ्यांना जाता जाता: फ्रेंच अनुवादकाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या गोष्टीतला अलादीन चीनमध्ये राहतो.)

तुम्ही म्हणाल, मग घाण तशीच ठेवायची? १९३३ च्या 'तीन डुकरं'मध्ये लांडगा ज्यू फेरीवाल्याचं सोंग घेऊन येतो, तेच लांब नाक, तीच दाढी. १९४८ मध्ये तो प्रसंग नव्याने काढला. छळछावण्या उघड्या पडून तीन वर्षं झालेली असताना ते चित्र लहान मुलांपुढे पुन्हा नाचवायला हवं होतं, असं कोण म्हणेल? मी नाही म्हणणार. मुलांना दाखवायची प्रत वेगळी असू द्या. पण तिच्यावर लिहा की ही १९४८ ची आहे, आणि १९३३ ची जपून ठेवा, मागेल त्याला दाखवा. नाहीतर उद्या आपला नातू विचारेल की तेव्हाचे लोक ज्यूंची अशी टिंगल करायचे म्हणतात त्याला पुरावा काय, आणि आपण साफसूफ केलेली प्रत पुढे करू. टॉम आणि जेरीच्या जुन्या भागांना जोडलेली सूचना मला म्हणून पटते. त्यात साधारण असं म्हटलंय की यात त्या काळचे पूर्वग्रह आहेत, ते तेव्हाही चूक होते, पण काढून टाकले तर ते कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल. चार वर्षांचं पोर सूचना वाचत नाही, हे बरोबर. शेजारी बसून वाचून दाखवायला आपण आहोत ना? की तेही कंपनीनेच करायचं?

आणि आता तर सीडीही नाही. चित्रपट आपल्या घरात राहतच नाही, त्यांच्या यंत्रावर राहतो आणि आपण खिडकीतून बघतो. १९८४ चा एक डिस्नेचा चित्रपट, तीही जलपरीचीच गोष्ट, २०२० मध्ये ऑनलाइन आला तेव्हा नायिकेची पाठमोरी बाजू झाकायला तिचे केस संगणकाने लांब केले होते. प्रेक्षकांनी ते पकडलं कारण काम ढिसाळ होतं, केस केसाळ गालिच्यासारखे दिसत होते. सफाईदार झालं असतं तर?

जुनं कसं नाहीसं होतं हे नाशिकला वेगळं सांगायला नको. फाळके त्र्यंबकेश्वरचे, गेले ते नाशिकमध्येच, १९४४ साली. आगकाड्यांचे तुकडे एकेक चौकटीने सरकवून त्यांनी एक लहानसा चलतपट केला होता, 'आगकाड्यांची मौज'. आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनची ती सुरुवात. तो आज पाहायला मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण १९१७ मध्ये फाळक्यांनी स्वतःच तो पुन्हा केला होता. म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटाचा पहिला रिमेक त्याच्या जनकाने केला, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचं काही कारण नाही. आज जी थोडी रिळं उरली आहेत, ती आपण १९१३ ची समजून डोळे भरून बघतो. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की ती १९१७ ची आहेत. आता सांगणार कोण? दोन्ही शेजारी ठेवून बघायला पहिला उरलेला नाही.

पुतण्याला मी त्या दिवशी कानाच्या ओळीचं सांगितलं. त्याने आधी फोनवर शोधून खात्री केली. मग सीडी उलटीपालटी करून बघितली, पुन्हा कव्हरात घातली आणि भाचीला म्हणाला, "चल, तुझी ती नवीन हिमगौरी लाव." तिने लावली. वीस मिनिटांत दोघंही झोपले.